मोठी, वेगवान रिमोट बोट घेताय? आधी तळं बघा, मग वेगाचा आकडा

संध्याकाळचे साडेसहा. तळ्याच्या मधोमध, काठापासून साठ-सत्तर मीटरवर, मीटरभर लांबीची लाल बोट पोट वर करून पडली आहे. पाच मिनिटांपूर्वी हीच बोट पाण्यावरून जवळजवळ उडत होती आणि काठावरची पोरं शिट्ट्या मारत होती. आता वारा तिला जलपर्णीकडे ढकलतोय, आत दोन लिपो बॅटऱ्या आहेत, अंधार पडायला आलाय आणि मालकानं चपला काढून पँट गुडघ्यापर्यंत दुमडायला सुरुवात केली आहे.

मोठ्या इलेक्ट्रिक आरसी बोटींची हौस जिथं आहे तिथं हे चित्र ओळखीचं आहे. तरीही विक्रेत्याला विचारला जाणारा पहिला प्रश्न ‘पळते किती?’ हाच असतो. खरं तर पहिला प्रश्न ‘कुठं पळवणार?’ आणि दुसरा ‘उलटली तर परत कशी आणणार?’ असा हवा. या दोन प्रश्नांची उत्तरं हातात असली की बाकीची निवड निम्मी झालेली असते.

मोठी म्हणजे किती, वेगवान म्हणजे काय

या छंदात ३० इंचांच्या पुढची बोट साधारण मोठी समजतात. तयार मिळणाऱ्यांत ट्रॅक्सासची स्पार्टन आणि प्रो बोटची सोनिकवेक ३६ या दोन्ही ३६ इंची, म्हणजे ९१ सेंटिमीटर. ट्रॅक्सासचीच डीसीबी एम४१ ही ४० इंची आणि प्रो बोटची ब्लॅकजॅक ४२ नावाप्रमाणं ४२ इंची. चौघींचाही वेग कंपन्या ताशी ५० मैल किंवा त्याहून जास्त सांगतात, म्हणजे ताशी ८० किलोमीटर आणि पुढे. हा आकडा पूर्ण चार्ज बॅटरी, सपाट पाणी आणि सरळ धाव धरूनच वाचायचा.

ताशी ८० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २२ मीटर. शंभर मीटरचं तळं साडेचार सेकंदांत संपतं! बॅटरीसह बोटीचं वजन चार किलो धरलं, तर या वेगात ती जेवढा तडाखा देईल तेवढाच आठव्या मजल्यावरून पडलेला चार किलोचा दगड देईल. पुढचं टोक टणक, मागं फिरता धातूचा पंखा. त्यामुळं ‘खेळणं’ हा शब्द इथं जरा जपूनच वापरावा. पोहणारी मुलं, म्हशी धुणारे लोक, पॅडल बोटी, कपडे धुणाऱ्या बायका यांपैकी कोणीही पाण्यात असेल तर बोट पिशवीतून बाहेरच काढायची नाही.

आधी पाणी

३६ इंची बोटीला मोकळी लांबी किमान दीडशे मीटर असावी, तीही अडथळ्यांशिवाय. त्यापेक्षा लहान तळ्यात बोट पूर्ण वेगाला पोहोचण्याआधीच वळवावी लागते, आणि बहुतेक बोटी वळतानाच उलटतात. घराजवळचं पाणी शंभर मीटरच्या आतलं असेल तर २४-२६ इंची बोट जास्त मजा देते.

दुसरं, पाण्यात काय तरंगतंय ते. जलपर्णी, प्लास्टिकच्या पिशव्या, मासेमारीच्या जाळ्यांचे तुकडे. विसर्जनानंतरच्या आठवड्यांत निर्माल्य, बांबू आणि मूर्तींच्या आतला काथ्या. यातलं काहीही पंख्यात गुंतलं की पंखा अडतो. मोटर मात्र जोर लावत राहते आणि वेग-नियंत्रकातून, म्हणजे ईएससीतून, जाणारा करंट क्षणात कितीतरी वाढतो. पिशवीच्या एका तुकड्यानं काही हजारांचा ईएससी जळतो तो असा. आवाज बदलला किंवा वेग अचानक पडला की थ्रॉटल सोडायचा, ‘निघेल आपोआप’ म्हणून दाबत राहायचं नाही.

तिसरं, तिथं बोट सोडायला परवानगी आहे का. बेळगावचं राकसकोप, ग्वाल्हेरचं तिघरा, इंदूरचं यशवंत सागर, हैदराबादचे उस्मान सागर आणि हिमायत सागर ही पिण्याच्या पाण्याशी जोडलेली धरणं-जलाशय आहेत. इंदूरचे सिरपूर व यशवंत सागर आणि गोव्यातलं कुडचड्याचं नंदा तळं २०२२ मध्ये रामसर यादीत आलं, म्हणजे ही पक्ष्यांची ठिकाणं. हिवाळ्यात बदकांचे थवे बसलेले असताना तिथं ८० च्या वेगानं बोट सोडणं हा आडदांडपणाच. शहरातल्या तळ्यांसाठी महापालिकेकडं, गावतळ्यासाठी ग्रामपंचायतीकडं आणि धरणासाठी पाटबंधारे खात्याकडं विचारून घ्यावं. खासगी शेततळं हा पर्याय बऱ्याच जणांना सुचतो. पण एकतर ती लहान असतात, आणि प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या कडा इतक्या घसरड्या असतात की आत पडलेला माणूस पोहता येत असूनही बाहेर येऊ शकत नाही. तिथं जायचंच असेल तर दोराशिवाय नाही.

गोव्यातल्या वाचकांचा प्रश्न वेगळा आहे. मांडवी, झुआरीसारख्या नद्यांच्या मुखाजवळचं पाणी खारं, शिवाय भरती-ओहोटीचं. बंद पडलेली बोट तळ्यात कधीतरी काठाला लागते; ओहोटीत ती समुद्राकडे निघते. खाऱ्या पाण्यानं बेअरिंग, स्क्रू आणि शाफ्ट झपाट्यानं गंजतात. खाऱ्या पाण्यात चालवलीच तर त्याच दिवशी गोड्या पाण्यानं आतून-बाहेरून धुणं आणि थंड करणाऱ्या नळ्यांतून गोडं पाणी सोडणं टाळता येत नाही.

तळाचा आकार: व्ही की कॅटामरान

खरी निवड इथं आहे.

व्ही-तळाची बोट (स्पार्टन, सोनिकवेक) ही मासेमारीच्या होडीसारखी मधे धारदार. लाट कापत जाते, वाऱ्याला फारशी दाद देत नाही. सपाट पाण्यावर ती थोडी डोलते, वळताना आतल्या बाजूला झुकते, पण चूक माफ करते. कॅटामरान (एम४१, ब्लॅकजॅक) म्हणजे दोन अरुंद तळ आणि मधे बोगदा. त्या बोगद्यात शिरलेली हवा बोटीला वर उचलते, पाण्याचं घर्षण कमी होतं आणि तेवढ्याच ताकदीत वेग वाढतो. वळतानाही ती सपाट राहते. दिसायला तर तिच्यासारखी दुसरी नाही.

पण जी हवा तिला पळवते तीच तिला उलटवते. समोरून वाऱ्याचा झोत आला किंवा दुसऱ्या बोटीच्या लाटेवर नाक वर झालं की बोगद्याखाली हवा भरते आणि बोट मागच्या मागे कोलांटी घेते. रुंद आणि सपाट असल्यामुळं उलटलेली कॅटामरान पाण्यावर अगदी निवांत पडून राहते. तिला आपण होऊन सरळ व्हायचं काही कारणच नसतं.

म्हणूनच काही व्ही-बोटींत दिलेली ‘सेल्फ-रायटिंग’, म्हणजे आपोआप सरळ होण्याची सोय हे जाहिरातीतलं फालतू वाक्य नाही. बोटीच्या एका बाजूला बंद पोकळी असते. बोट उलटली की त्या पोकळीत पाणी शिरतं, एक बाजू जड होते आणि बोट कूस बदलून सरळ होते. पुढे निघाली की ते पाणी मागून निघून जातं. चालवणाऱ्यानं करायचं एवढंच की थ्रॉटल सोडून काही सेकंद थांबायचं. सोनिकवेक ३६ मध्ये ही सोय आहे. स्पार्टनची एसआर नावाची नंतरची आवृत्ती त्यासाठीच निघाली. दुकानात किंवा जुन्या मालात ‘स्पार्टन’ एवढंच लिहिलं असेल तर कोणती आवृत्ती ते विचारून घ्यावं.

दुपारनंतर वारा सुटणारं पाणी, पहिली मोठी बोट आणि सोबतीला दुसरं कोणी नाही, अशी परिस्थिती असेल तर आपोआप सरळ होणारी ३६ इंची व्ही-बोट घ्यावी. कॅटामरान ही पहाटेच्या काचेसारख्या पाण्यासाठी आणि ज्याच्याकडं बोट परत आणायची पक्की व्यवस्था आहे त्याच्यासाठी. ४२ इंची, आठ सेलची बोट पहिलीच म्हणून घेणाऱ्याला कोणी अडवू शकत नाही, पण बहुतेकदा ती पुढच्या वर्षी ‘दोनदाच वापरलेली’ म्हणून विकायला निघते.

सेल, केव्ही आणि पंख्याचे तीन मिलिमीटर

बॅटरीवर ‘६एस’, ‘८एस’ लिहिलेलं असतं. एस म्हणजे एकामागे एक जोडलेले सेल. लिपोचा एक सेल सरासरी ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरल्यावर ४.२. म्हणजे ६एस २२.२ व्होल्ट आणि ८एस २९.६ व्होल्ट. मोटरचा ‘केव्ही’ म्हणजे एका व्होल्टला ती किती फेरे मारते. १८०० केव्हीची मोटर २२.२ व्होल्टवर मोकळी फिरली तर मिनिटाला सुमारे ४० हजार फेरे. पाण्याचा भार आला की त्यातले बत्तीस-तेहेतीस हजार उरले असं धरायला हरकत नाही.

आता पंखा. शर्यतीच्या पंख्यांवर ४४२ असा आकडा आढळतो: शेवटचे ४२ म्हणजे व्यास ४२ मिलिमीटर आणि आधीचा ४ म्हणजे व्यासाच्या १.४ पट पिच. एका फेऱ्यात तो पंखा कागदावर ५८.८ मिलिमीटर पुढे सरकतो. बत्तीस हजार फेऱ्यांना हिशेब ताशी ११३ किलोमीटर येतो. पाण्यात घसर असतेच; ती वीस टक्के धरली तर नव्वद. पेटीवरचा आकडा शंका घेण्यासारखा वाटला तर हा हिशेब पाच मिनिटांत घरी करता येतो.

नवी बोट घेतल्यावर महिन्याभरात हात शिवशिवतात आणि मोठा पंखा बसवला जातो. इथंच बोटी जळतात. आकार तोच ठेवून व्यास वाढवला तर त्याच फेऱ्यांना लागणारी ताकद व्यासाच्या पाचव्या घाताच्या प्रमाणात वाढते. ४२ चा पंखा ४५ चा केला, म्हणजे तीनच मिलिमीटर, तर भार सुमारे ४० टक्क्यांनी वाढतो. वेग मात्र तेवढा वाढत नाही. वाढते ती उष्णता. मोटर आणि ईएससी थंड ठेवायला सुकाणूजवळून पाणी आत घेतलं जातं आणि ते बाजूच्या भोकातून बाहेर पडतं. ती धार चालू आहे का, हे बोट काठाजवळून नेताना डोळ्यांनी बघायचं. धार नसेल तर बोट ताबडतोब बाहेर. तळ्यातला गाळ नळीत अडकणं ही नेहमीचीच गोष्ट. एक सिरिंज जवळ ठेवली की नळी साफ होते.

बॅटरीची क्षमताही तपासून घ्यावी. ५००० एमएएच म्हणजे ५ अँपिअर-तास. बोट सरासरी ६० अँपिअर ओढत असेल आणि वीस टक्के चार्ज शिल्लक ठेवायचा असेल तर धाव चार मिनिटांची. हो, चारच! तासाभराचा खेळ हवा असेल तर बॅटऱ्यांचे चार-पाच जोड लागतात, आणि बोटीच्या किमतीत हा खर्च बहुतेक कोणी धरत नाही. सोबत चार्जर चांगला हवा: ५००० ची ६एस बॅटरी सुरक्षित गतीनं, म्हणजे ५ अँपिअरवर, चार्ज करायला सव्वाशे वॉट लागतात. प्रत्येक सेल सारखा भरणारा ‘बॅलन्स’ चार्जरच घ्यायचा.

लिपो फुगली, टोचली गेली किंवा जास्त चार्ज झाली तर पेट घेते, आणि ती आग सहज विझत नाही. चार्जिंग फरशीवर, डोळ्यांसमोर. पलंगावर किंवा रात्री झोपताना नाही. खेळून आल्यावर बॅटरी गार होऊ द्यायची आणि आठवडाभर वापरायची नसेल तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवायची, पूर्ण भरून नाही आणि रिकामी तर मुळीच नाही. ग्वाल्हेर-हैदराबादच्या मे महिन्यात बंद गाडीत बॅटरी ठेवणं म्हणजे संकटाला आमंत्रण.

कुठून घ्यायची

भारतात या आकाराच्या बोटी मोजक्याच विक्रेत्यांकडं असतात, बाकी सगळं बाहेरून येतं. खेळण्यांवरचं मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. त्यामुळं परदेशी संकेतस्थळावरची किंमत गुणिले डॉलरचा भाव असा हिशेब करणाऱ्यांचा अपेक्षाभंग होतो. मागवण्याआधी शुल्क आणि जीएसटी धरून घरपोच किंमत लेखी घ्यावी.

दुबईचा मेहुणा किंवा अमेरिकेतला भाचा आणतोय असं असेल तर बॅटरीचा नियम त्याला आधी सांगावा. विमानात सुटी लिथियम बॅटरी फक्त हातातल्या सामानात नेता येते; १०० वॉट-तासांपर्यंत चालते, १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते. ५००० ची एक अखंड ६एस बॅटरी १११ वॉट-तासांची, म्हणजे अडकणार. त्याऐवजी ३एसच्या दोन घेतल्या तर प्रत्येकी ५५.५. स्पार्टनसारख्या बोटीत दोन ३एस बॅटऱ्याच बसतात, त्यामुळं अडचण येत नाही. टोकांना मात्र चिकटपट्टी लावलेली हवी.

सुट्या भागांचं मिळणं ही बोटीइतकीच महत्त्वाची गोष्ट. पंखा, लवचिक शाफ्ट, सुकाणू, सर्व्हो आणि झाकणाची टेप हे भाग लागणारच. मोटरपासून पंख्यापर्यंत जाणारा फ्लेक्स शाफ्ट म्हणजे पीळ दिलेली तार. ती दर खेपेला बाहेर काढून पुसून मरीन ग्रीस लावावी लागते. ज्याला हे कंटाळवाणं वाटतं त्यानं या बोटी घेऊ नयेत. जुनी बोट घेताना तर आधी हा शाफ्टच ओढून बघावा. तो गंजलेला किंवा पीळ उकललेला निघाला तर मालकानं बाकीची काळजी किती घेतली असेल ते कळतं.

परत कशी आणायची

बोट बंद पडणार, हे धरूनच चालायचं. सेल्फ-रायटिंग असली तरी पंख्यात दोरा अडकला किंवा शाफ्ट तुटला तर ती सरळ होऊनही जागच्या जागीच राहणार.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वारा. बोट बुडली नाही तर ती वाऱ्याच्या दिशेच्या काठाला कधीतरी लागतेच. म्हणून खेळायला उभं राहताना ज्या काठाकडं वारा वाहतोय तो काठ निवडायचा. तिकडं चिखल, काटे किंवा कुंपण असेल तर त्या दिवशी ते तळं नकोच. बुडू नये म्हणून आत फोम भरलेला हवा. याची परीक्षा घरच्या हौदात होते: बॅटरीऐवजी तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या बाटल्या आणि ईएससी-रिसीव्हर बाहेर काढून झाकण उघडं ठेवून बोट पाण्यात दाबायची. तरंगली तर ठीक, नाही तर आणखी फोम.

तीस-चाळीस मीटरपर्यंत गळाची काठी कामाला येते. दोरीला टेनिसचा चेंडू बांधून बोटीच्या पलीकडे फेकायचा आणि हळूहळू ओढायचं. तळं अरुंद असेल तर दोघांनी दोन काठांवरून लांब दोरी ताणून चालत यायचं, बोट दोरीला अडकून पुढे येते. काही जण त्यासाठी जुनी, संथ, दणकट बोट सोबत ठेवतात आणि तिनं ढकलत आणतात. कयाक किंवा होडी घेऊन जायचं तर परवानगी आणि लाइफ जॅकेट दोन्ही हवं. वडोदऱ्याच्या हरणी तलावात १८ जानेवारी २०२४ रोजी १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका बुडाल्या, तो तलाव भर शहरातला होता.

पोहत जायचं नाही. जलपर्णीची मुळं आणि गाळ पट्टीच्या पोहणाऱ्यालाही धरून ठेवतात, आणि चालू स्थितीतल्या बोटीचा पंखा सिग्नल आला की केव्हाही फिरू शकतो. त्यासाठीच ‘फेलसेफ’ची चाचणी आधी करायची: बोट हातात धरून, पंख्यापासून लांब राहून, थोडा थ्रॉटल देऊन रिमोट बंद करायचा. पंखा थांबला पाहिजे. फिरतच राहिला तर सेटिंग बदलल्याशिवाय ती बोट पाण्यात जाता कामा नये. २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल पाण्याखाली जात नाही. म्हणून अँटेनाही झाकणाच्या वर, उभी हवी.

पहिल्या दिवशीचा क्रम असा ठेवावा: आधी रिमोट चालू, मग बोट, बंद करताना आधी बोट, मग रिमोट. पहिली बॅटरी अर्ध्या थ्रॉटलवरच. एका पंख्याच्या शर्यती बोटी बहुधा उजव्या वळणासाठी मांडलेल्या असतात, कारण शर्यती घड्याळाच्या दिशेनं होतात. त्यामुळं डावीकडं वळताना वेग आधीच कमी करायचा. दोन मिनिटांनी बोट काठाला आणून झाकण उघडायचं आणि मोटर, ईएससी, बॅटरी, कनेक्टर यांना बोट लावून बघायचं. बोट टेकवून ठेवता येत नसेल इतकं काही गरम असेल तर पंखा लहान करायचा. आत चमचाभर पाणी असेल तर टेप नीट लावायची. पेलाभर असेल तर त्या दिवसाचा खेळ तिथंच थांबवून शाफ्टच्या नळीपासून गळती शोधायची.